चौथं पॅकिंग

"देवमनदादा, हे तं पुन्हा गयलं," म्हणत जानराव ड्रायव्हरनं ट्रकचं बॉनेट वर केलं आणि बाजूला सरकून उभा राहिला.

देवमनला दिसण्याआधीच वास आला होता. इंजिनच्या डोक्यावर लांबट पत्र्याचं झाकण असतं, टॅपेट कव्हर. त्याच्या खालून तेलाचा ओघळ उतरून तापलेल्या पाइपावर जळत होता. कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या पट्टीचं पॅकिंग बसवतात. तेल अडवायचं एवढंच त्याचं काम. देवमननं ते बारा दिवसांत तीनदा बदललं होतं.

एकसष्ट सालचा ऑक्टोबर संपत आला होता. अकोटातल्या जिनिंगांचा हंगाम तोंडावर होता. कपाशीच्या ढिगांजवळ धूर सोडणारी गाडी फाटकाच्या आत घ्यायची नाही, असं जानरावच्या जिनिंगचे मॅनेजर ओमप्रकाशजींनी बजावलं होतं. ट्रक सोमवारपर्यंत कोरडा झाला तर जिनिंगमधली फिटरची पक्की जागा देवमनची, नाही तर अकोल्याहून माणूस येणार. आज रविवार होता.

लढाईच्या काळात देवमन लष्कराच्या मोटार वर्कशॉपात शिकला. तिथून सुटल्यापासून तो घरासमोरच्या निंबाखाली गाड्या दुरुस्त करी. पक्की नोकरी त्याला कधीच लागली नव्हती. वय एक्कावन्न झालं होतं.

"तुमी खालीच बसा," तो जानरावला म्हणाला. "इंजिन थंडं होऊ द्या."

"बसतो न. तीन खेपा झाल्या, आता तं तुमच्या वसरीवर माह्या नावाची पाटी लावा."

इंजिन निवल्यावर देवमननं नट सोडवले, कव्हर काढलं आणि आत नेलं. भागीरथा, त्याची बायको, शिलाई मशीनवर पोलकं शिवत होती. तिनं पोलकं बाजूला ठेवलं. दोन वर्षांपासून देवमनचा उजवा हात थरथरत होता. तेव्हापासून पॅकिंग कापायचं काम तिच्याकडे आलं होतं. हे घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

तिनं जुनं पॅकिंग बोटांनी सोलून काढलं आणि उजेडात धरलं.

"इकडं पाहा बरं. नटाच्या भोकापाशी चुरा झाला, अन् मधात कोरंच्या कोरं हाय. हे कापण्यातलं नोहे."

देवमननं पाहिलं नाही. त्याला ते पहिल्याच खेपेला दिसलं होतं. कव्हरची कोरही भोकांपाशी आत दबली होती. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की असं होतं. वर्कशॉपात नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी हेच सांगे.

"काहून इतकं आवळता?" तिनं विचारलं.

"मले समजत नाही."

"काय समजत नाही?"

"नट बसला का नाही बसला. हात हालते तं पान्यातून काई कयत नाही. वाटते, ढिला राह्यला. मंग अजून एक फेरा देतो."

हे त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. भागीरथेनं पाटीवर बुचाचा नवा तुकडा पसरला, कव्हर उलटं ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि कात्री उचलली.

"मंग नट मी कसतो," ती म्हणाली.

"जानराव बसला हाय बाहेर."

"बसू द्या. तो काय माह्या सोयरिकीले आला?"

कव्हरची दबलेली कोर त्यानं लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोकत सपाट केली. ते त्याला जमलं. एकेका ठिकाणी चार ठोके जास्त पडले, एवढंच. मग रॉकेलनं धुणं झालं. पॅकिंग कव्हरला चपड्यानं, म्हणजे लाखेच्या गोंदानं, चिकटवलं, इंजिनच्या बाजूला फक्त ग्रीसचं बोट फिरवलं. चपडा सुकेपर्यंत दोघांनी जेवून घेतलं. जानरावलाही भाकर दिली. तो ती वसरीवर बसून जेवला. पूर्वी तो या घरचं पाणीही घेत नसे.

चारच्या सुमारास भागीरथा पदर खोचून ट्रकच्या बंपरवर चढली. समोरच्या दारांतून तीन-चार बायका बाहेर आल्या.

"वहिनी, आता ड्रायवरी बी शिकून घ्या," जानराव म्हणाला.

"शिकतो न. तुमी कधी सोडून राहिले नोकरी?"

बायका हसल्या. देवमन हसला नाही. तो मडगार्डला टेकून नटांकडे पाहत होता.

"पयले सगळे बोटानं बसव. पाना लावू नको. हां. आता मधला घे. तीन बोटात धर पाना, मुठीत नाही. आता त्याच्या समोरचा. अर्धा फेरा."

"अजून फिरते हा."

"फिरू दे. बूच दबलं का सांग. पोलक्याचा बटन लावते तसं, कापड ओढलं नाही पायजे."

"दबलं."

"सोड मंग."

सोड म्हणताना त्याचा आवाज चढला. बाहेरच्या नटांपर्यंत यायला वीस मिनिटं लागली. जानराव तोवर पाहायला जवळ सरकला होता. नंतर त्यानं अकोल्याच्या रस्त्यानं दहा मैल गाडी पिटाळून परत आणली. देवमननं कव्हरच्या कडेनं बोट फिरवलं. कोरडं होतं.

सोमवारी सकाळी ओमप्रकाशजी स्वतः आले. त्यांनी पांढरा रुमाल कव्हरखाली फिरवला आणि पाहिला.

"जानराव बोलला मला. म्हणे, देवमनदादानं एका दिवसात बसवलं. उद्यापासून या जिनिंगमध्ये."

देवमननं जानरावकडे पाहिलं. जानराव टायरला लाथ मारून हवा तपासत होता. त्यानं मान वर केली नाही. दारात भागीरथा उभी होती.

"साहेब," देवमन म्हणाला, "नट हिनं कसले. पॅकिंग बी हिनंच कापलं. माहा हात हालते."

"अरे, गाडी कोरडी आहे ना? मग मला काय त्याचं?"

"जिनिंगमधी हिचा हात राहणार नाही. मी एकट्यानं कसले तं पुन्हा गयते. अन् तिथं कपाशी राह्यते."

ओमप्रकाशजींनी रुमालाची घडी केली. जाहीर केलेला शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"मग मी काय करू?"

"अकोल्याहून माणूस बोलवा. टॅपेट कव्हर, वॉटर पंप, असं काई निंगालं तं गाडी इथंच पाठवा. दोघं मिळून करतो आमी."

जानरावनं बॉनेट लावलं. ओमप्रकाशजींनी रुमाल खिशात ठेवला आणि जाताना हात पुढे केला. या आळीत त्यांनी आजवर कोणाशी हात मिळवला नव्हता. देवमननं डावा हात अर्धवट उचलला, मग खाली घेतला आणि उजवा दिला. तो थरथरत होता. ओमप्रकाशजींनी त्यावर दुसरा हात ठेवला. हात थांबला नाही. "गाडी इथंच पाठवतो," ते म्हणाले.