आधी कान, मग अंगठा

जरा हात आवरा मित्रांनो, मला बोट लावू नका! मी एक जुना शाईचा पॅड आहे आणि माझी शाई एकदा लागली की दोन दिवस साबणाने घासली तरी जात नाही. कागदावर लागली तर जन्मभर जात नाही. म्हणून तर माझा जीव सदा टांगणीला लागलेला असतो. लोकांना वाटतं, पत्र्याची एवढीशी डबी, तिच्यात कापडाची गादी, हिला कसली आलीय काळजी? पण झाकण उघडलं की आजही मला प्रश्न पडतात. आता कुणाचा अंगठा? कशासाठी? आणि ज्याचा अंगठा, त्याला ते ठाऊक तरी आहे का?

माझा जन्म मुंबईतल्या एका लहान कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, आत लोकरी कापडाची घडी बसवली, वरून मलमल ताणली आणि जांभळी शाई पोटभर पाजली. मग भावंडांबरोबर खोक्यात बसून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदराला उतरलो आणि उरणच्या एका स्टेशनरीच्या दुकानात आलो. तिथून मला बासितमियाँनी विकत घेतलं. ते कचेरीच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहीत. तेव्हा नवं शहर वसवायला भातशेतं आणि मिठागरं सरकारजमा होत होती. नोटीस आली की लोक धावत टेबलाकडे यायचे. काहींच्या पायांना खाजणातला चिखल तसाच असायचा. मला तर दिवसभर उसंत नसे.

बासितमियाँचा एक नियम होता, "आधी कान, मग अंगठा." म्हणजे कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, तोही समोरच्याच्या बोलीत. समोरच्याने तो आपल्या तोंडाने परत सांगायचा. मगच माझं झाकण उघडायचं. घाईतली माणसं चरफडायची. एकजण म्हणाला होता, "मियाँ, अंगठा घ्या नि मोकलं करा." मियाँ शांतपणे म्हणाले, "मोकळं होणं सोपं आहे रे बाबा. सुटलेलं नंतर परत बांधून घेता येत नाही."

पुढे सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन भूखंड म्हणून परत द्यायचं ठरवलं, तेव्हा तर माझा भावच वधारला. भूखंडाचं पत्र हातात पडलेली माणसं माझ्यासमोर पेढा ठेवायची. कुणी म्हणे, हा पॅड पायगुणाचा आहे. आता मला कुठून पाय, पण कौतुक कुणाला नको असतं? मीही फुगून बसायचो.

बासितमियाँ गेले आणि त्यांचा मुलगा करीमभाई टेबलावर बसू लागला. मग कचेरीत यंत्र आलं. काचेवर बोट ठेवलं की ठसा पडद्यावर उमटतो, हातही मळत नाही. मला कोण विचारतो? वारा सुटला की करीमभाई मला कागदांवर ठेवतात, तेवढंच. झाकण गंजलं, गादीला भेगा पडल्या. आठवड्यातून एखाद्या वेळी शाईचे चार थेंब मिळतात. पण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. टेबलावर आलेला प्रत्येक कागद मी खालून ऐकत असतो, आणि ऐकून ऐकून अर्धा वकील झालो आहे.

मित्रांनो, आता अलीकडचीच एक गोष्ट सांगतो. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. ऊन नुसतं भाजत होतं. रस्त्यावरून द्रोणागिरीच्या गोदामांकडे कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती. टेबलासमोरच्या बाकावर मारिया नावाची मुलगी बसली होती. ती मेघालयातली, इथे एका गोदामाच्या ऑफिसात नोकरीला. खोलीचा भाडेकरार करून घ्यायला आली होती. तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. पुढे पांढरा शुभ्र शर्ट घातलेला कमळाकर, मागे त्याची थोरली बहीण विमलबाई. साठीची बाई, हिरव्या बांगड्या, हातात रुमालाची पुरचुंडी. तिचं माहेर इथलंच खाडीकाठचं. लग्न होऊन करंजाड्याला गेली, त्याला चाळीस वर्षं झाली.

कमळाकरने आदल्या दिवशीच करीमभाईंकडून कागद तयार करून घेतला होता. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. वडिलांच्या शेताच्या बदल्यात द्रोणागिरीला भूखंड मिळाला होता, एक बिल्डर तिथे इमारत बांधायला तयार होता आणि त्याला कागदावर एकाच मालकाचं नाव हवं होतं. बहिणीने हक्क सोडला की काम फत्ते.

"बाय, अंगठा दे. कचेरीत आपला नंबर लागल आता," कमळाकर म्हणाला. करीमभाई मारियाचा कागद चाळत होते. त्यांनी मान वर करायच्या आत कमळाकरने माझं झाकण उघडलं, विमलबाईचा डावा अंगठा धरला आणि माझ्या गादीवर दाबला.

मी हादरलो! चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने मला असं परस्पर उघडलं नव्हतं. तिचा अंगठा खरखरीत होता. कडेला कोयत्याचा जुना वण होता. माझ्यात होती नव्हती ती शाई त्याने शोषून घेतली.

"थांबा!" करीमभाईंनी टेबलावरचं हक्कसोडपत्र चटकन ओढून घेतलं. "वाचलेलं नाय अजून."

"करीमभाय, कालच मी वाचलाय. घरचाच कागद हाय. टेन्शन नका घेऊ."

"तुमी वाचलाय. ताईंनी कुठं ऐकलाय?"

विमलबाईचा अंगठा तसाच हवेत. शाई ओली, ऊन कडक. माझ्या जिवाची नुसती घालमेल. ती शाई माझी होती आणि ती कुठे टेकणार, ते मला समजत नव्हतं.

करीमभाई वाचू लागले. मयत वडिलांचं नाव, गावाचं नाव, सर्व्हे नंबर. मग आलं, "सदर मिळकतीच्या जुन्या सातबाऱ्यावर लिहून देणार यांचे नाव इतर हक्कात दाखल असून..."

"इतर म्हनजे?" विमलबाईने विचारलं.

"म्हणजे मालकाच्या रकान्यात कमळाकरशेटचं एकट्याचं नाव. तुमचं शेजारच्या रकान्यात. पूर्वी बहिणींची नावं तलाठी तिथंच टाकायचे. तिथंच विहिरीची, झाडांची नोंद असते, बँकेचा बोजा असतो."

"विहीर नि मी एका रांगंत?" ती हसली, पण हसू काही टिकलं नाही. "म्या त्या शेतान लावनी केली, कमळ्या. तू पालन्यात व्हतास. बा म्हनायचा, विमल माजा उजवा हात. नि मी इतर?"

"अगं, ती सरकारी भाषा असते," कमळाकर कसनुसा झाला. "मी तुला कदी परकी म्हनलो? दर भाऊबीजेला गाडी पाठवतो का नाय? बा तीन वरसं अंथरुनाला व्हता, मी एकट्यानं काढलंय. आता हा बिल्डर गेला ना, तर दुसरा यायचा नाय."

मित्रांनो, कमळाकर खोटं बोलत नव्हता. त्याने वडिलांचं खरोखर केलं होतं आणि बहिणीवर त्याची माया होती. म्हणून तर मला जास्त अस्वस्थ वाटत होतं. लुच्चा माणूस असता तर मी मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

करीमभाईंनी पुढचं वाचलं, "कसलाही मोबदला न घेता, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता..."

कमळाकरने घाईघाईने स्कूटरच्या हुकावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत जरीच्या काठांची साडी होती. आमच्या या भागात हक्कसोड करताना बहिणीला साडी देतात आणि तिला बहिणीचा मान म्हणतात. या टेबलावर अशा किती साड्या मी पाहिल्या, त्याला गणती नाही.

बाकावरच्या मारियाला राहवलं नाही. "सॉरी हां आंटी. हमारे यहाँ उलटा है. घर छोटी बेटी को मिलता है. भाई लोग शादी करके बीवी के घर जाता है."

"मंग भावाला काय भेटतं?" कमळाकरने उसळून विचारलं.

"मामा बनता है ना! बहन के घर का हर काम उससे पूछकर होता है. बहुत इज्जत."

विमलबाई करीमभाईंकडे वळली. "नि तुमच्यात रं भाऊ? बहिनीला काय?"

करीमभाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हे विषय बदलतील. पण त्यांनी बदलला नाही.

"आमच्यात बहिणीला भावाच्या निम्मं. कमी आहे, पण शरियतने बांधून दिलंय. भावाने नाही म्हणायचं कामच नाही. तरी मी नाही म्हटलं, ताई. माझी बहीण करिमुन्निसा. अब्बांच्या घराचा कागद होता. मी म्हटलं, घरचाच तर आहे, वाचायचा काय? सगळ्या गावाला वाचून दाखवलं नि तिचा अंगठा न वाचता घेतला. तिला वाटलं, लाइट बिलावर नाव चढवायचा अर्ज आहे. भांडली नाही, कोर्टात गेली नाही. ईदला फोन करते, तब्येत विचारते. नऊ वर्षं झाली, घरी येत नाही."

तो अंगठा माझ्यातूनच उठला होता. तेव्हा मी भरपूर ओला होतो आणि ठसा एकही रेघ न चुकता उमटला होता. आजवर त्याच ठशाने मला सर्वात जास्त छळलं आहे. आम्हा वस्तूंना कान असतात, पण तोंड नसतं, हे दुःख त्या दिवशी मला कळलं.

कचेरीच्या दारातून शिपायाने कमळाकरचं नाव पुकारलं.

"बाय, नंबर आला," कमळाकर हळू आवाजात म्हणाला. "तुजं माहेर मी हाय ना? माहेर काय कागदावर असतं?"

"तेच तं," विमलबाई म्हणाली. "माहेर कागदावर नसतं, तं मंग सोडायला कागद कशाला लागतो?"

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. विमलबाईने कोरड्या हाताने साडीची पिशवी स्वतःकडे ओढली. "साडी घेते. भावाची हाय. ती नाय म्हनायची माजी ताकद नाय. कागद ठेव तुज्याकडं. तू इमारत बांध, माजी ना नाय, पन नाव माजंबी लागंल. आता साडी परत मागायची असंल तं आत्ताच माग. घरी जाऊन मनात ठेवू नको."

कमळाकरचा चेहरा लाल झाला. त्याने पिशवीकडे हात नेला, मध्येच थांबवला आणि हक्कसोडपत्र तेवढं उचलून तडक स्कूटरकडे चालता झाला. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण विमलबाईचे डोळे भरून आले होते. भाऊबीज तोंडावर आली होती आणि आई-वडिलांमागे तिला माहेर म्हणून हा एकच माणूस उरला होता.

"लिवा भाऊ अर्ज," ती म्हणाली.

करीमभाईंनी कोरा कागद घेतला. "इतर हक्कातून काढून वारस म्हणून नाव लावावं, असाच ना? हेलपाटे पडतील, ताई. वरसभर लागेल. तुमचं नाव सांगा. विमल, पुढं नवऱ्याचं नाव..."

"तं नवऱ्याचं घाला, आधारवर तसंच हाय. पन त्याच्या फुडं बाचंबी लिवा. अमक्याची लेक. मोठ्या अक्षरात."

करीमभाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं. तिने ते एकेक शब्द परत म्हणून दाखवलं. अंगठ्यावरची शाई एव्हाना वाळली होती. तिने तो पुन्हा माझ्या गादीवर ठेवला. मित्रांनो, माझ्यात फारसं काही उरलं नव्हतं. मी भेगाभेगांतून ओल गोळा केली आणि सगळी वर आणली. ठसा उमटला. थोडा फिका, पण कोयत्याच्या वणासकट.

मग ती उठली. मला वाटलं, कमळाकर केव्हाच निघून गेला असेल. पण तो रस्त्याच्या कडेला स्कूटर सुरू करून उभा होता. मागे वळून बघत नव्हता आणि जातही नव्हता. विमलबाई गेली, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून त्याच्या मागे बसली. बसताना आधाराला त्याच्या खांद्याकडे तिचा डावा हात गेला. तो तिने तसाच मागे घेतला आणि शाईचा अंगठा आपल्या पदरात घट्ट गुंडाळून धरला. भावाच्या पांढऱ्या शर्टाला डाग लागला असता ना.

ते पुढे काय बोलले असतील, भाऊबीजेला गाडी गेली की नाही, मला काही माहीत नाही आणि त्या विचाराने माझा एक दिवस नीट जात नाही. तुमच्याकडे मी काही नवी शाई मागत नाही, गंज पुसा असंही म्हणत नाही. एवढंच करा, मित्रांनो. कधी तुमच्या घरातला कागद टेबलावर आला आणि तुमची बहीण समोर उभी असली, तर तो तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. तिला बोलू द्या. तोवर माझं झाकण बंद राहू द्या, मी कोरडा पडलो तरी चालेल.