तामोचा पिवळा पट्टा

सूर्यभाननं संगमनेरच्या स्टँडजवळच्या आपल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पंजाचं मशीन आणलं, त्या वर्षी टीव्हीवर दर रविवारी सकाळी तामो लागायचा. तामो म्हणजे जपानी कार्टूनमधलं पंखवालं अस्वल. बोलायचं मात्र हिंदीत. आणि मशीन म्हणजे काचेचं कपाट. आत खेळण्यांचा ढीग, वर लोखंडी पंजा. नाणं टाकायचं, दांडा हलवून पंजा खाली सोडायचा, त्यात येईल ते आपलं. सूर्यभाननं भरलेले प्लास्टिकचे ससे कुणालाच नको होते. पोरांना तामो हवा होता, आणि तो बाजारात कुठंच मिळत नव्हता.

प्रज्ञा त्याच गल्लीत शिवणकाम करायची. नवरा महेंद्र दूध संघात कामाला. सूर्यभाननं गळ घातली तेव्हा तिनं टीव्हीसमोर बसून तामोचं चित्र काढलं, मखमली कापड बेतलं, आत कापूस भरला. पण पंजानं उचललं की पंख लोंबायचे आणि अस्वल निसटायचं. पुन्हा पुन्हा उसवून शेवटी तिनं खांद्यावरून पाठीकडे एक तिरका पिवळा पट्टा घातला आणि पंख त्याला टाचले. पंख ताठ राहिले, पंजालाही धरायला जागा झाली. टीव्हीवरच्या तामोला पट्टा नव्हता. पोरांना तो उलट जास्तच आवडला.

दिवाळीनंतर चेतन नावाचा माणूस दुकानात आला. तामोचे हक्क मुंबईच्या ज्या कंपनीकडे होते, तिचा हा प्रतिनिधी. सूर्यभान घाबरला आणि त्याला थेट प्रज्ञाच्या घरी घेऊन आला.

"ताई, परवानगीशिवाय हे बनवता येत नाही," चेतन म्हणाला. बोलणं गोड होतं. "पण काम सुंदर आहे. नमुने द्या, जपानला पाठवतो. मंजुरी आली की तुम्हीच आमच्यासाठी बनवा, रीतसर परवान्यानं."

प्रज्ञाला ते पटलं. चित्र दुसऱ्याचं, तर विचारायलाच हवं होतं. तिनं काम थांबवलं. घरातले सगळे तामो त्याला दिले, पंख कसे टाचलेत ते कळावं म्हणून एक अर्धवट शिवलेलाही दिला.

"समदंच दिलंस व्हय?" सासू भिमाबाई म्हणाली. "एखादं ठिवायचं की घरी."

"मंजुरीला लागतं आत्या."

त्यानंतर ती एसटीडी बूथवरून मुंबईला फोन करत राहिली. साहेब बाहेरगावी आहेत, एवढंच उत्तर मिळायचं. उन्हाळा सरला, शाळा सुरू झाल्या.

एका दुपारी दुकानावरून जाताना तिला काचेत तामो दिसले. कारखान्यातले, कानाला चकचकीत शिक्का लावलेले. आणि प्रत्येकाच्या अंगावर तिरका पिवळा पट्टा.

माल उतरवायला चेतन स्वतः आला होता. प्रज्ञा आत गेली.

"हा पट्टा कुठून आला?"

"ताई, तामो तुमचा नाही."

"नाहीच. तोंड त्यांचं, पंख त्यांचे. पट्टा माझा."

"डिझाईन जपाननं मंजूर केलंय." तो हसला. "आणि पट्ट्याचं काय एवढं? शिवणकामच ते. खरं तर तुमच्यावर केस आम्हीच करायला हवी."

प्रज्ञानं सूर्यभानकडे पाहिलं. तो गल्ल्याशी उभा होता. "कंपनीचा माल आहे वहिनी," तो म्हणाला, "मी काय करनार?"

ती घरी आली. कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि तशीच परत निघाली. भिमाबाईनं हाक मारली, ती थांबली नाही.

मशीनचं मागचं दार अजून उघडंच होतं. तिनं एक तामो ओढला आणि पट्टा कापला. मग दुसरा. मग तिसरा. खेळणारी पोरं मागं सरकली. सूर्यभाननं तिचं मनगट धरलं. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते सोडून दिलं. चेतन ओरडत होता, ती कापत होती. फरशीवर पिवळ्या चिंध्या पडल्या आणि पंख लोंबणाऱ्या अस्वलांचा ढीग झाला.

चेतननं पोलीस बोलावले. महेंद्र धावत चौकीत पोचला तेव्हा ती बाकावर ताठ बसलेली होती.

"माफी लिहून द्या, विषय मिटवू," फौजदार म्हणाले.

"लिहून दे," महेंद्र हळूच म्हणाला. "घरी जाऊ."

"देते. आधी ह्यांनी लिहावं, माझे नमुने कशाला नेले होते."

फौजदारांनी चेतनकडे पाहिलं. "नेले होते का?"

"तो कंपनीचा अंतर्गत विषय आहे."

"कोर्टात विचारतील."

चेतन फोन करायला बाहेर गेला. परतल्यावर आवाज पुन्हा गोड झाला होता. "तक्रार नको. ताई, आम्ही तुम्हाला घरी काम देऊ. परवान्याचं काम. फक्त नमुन्यांचं कुठं बोलायचं नाही."

महेंद्रच्या चेहऱ्यावर आशा दिसली.

"पट्ट्याची कल्पना माझी, असं जपानला कळवाल?" प्रज्ञानं विचारलं.

"असं कुणाचं नाव कळवत नाहीत ताई."

ती उठली आणि बाहेर पडली.

रस्त्यात महेंद्र म्हणाला, "आलेलं काम घालवलंस."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो. पण सूर्यभानच्या दुकानासमोरूनच रोज जायचंय मला."

त्याचं खरं होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

भिमाबाई दारातच बसली होती. "कापलं का?"

"कापले."

"समदे?"

"हाताला लागले तेवढे."

"बरं केलंस," म्हणत भिमाबाई भाकरी थापायला उठली.

दसऱ्याला कंपनीचा नवा माल आला. पट्टा नव्हता. वादाची भानगड नको म्हणून कंपनीनं काढून टाकला असावा. पंख लोंबायचे, पंजातून तामो निसटायचे, पोरं चिडून मशीनला लाथा घालायची. मग सूर्यभान प्रज्ञाच्या दारात आला. चपला न काढता उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"वहिनी, नुसते पट्टे शिवून द्या. आपल्या आपल्यात. कुनाला कळनार न्हाई."

प्रज्ञा शाळेच्या गणवेशाची शिलाई मारत होती. तिनं पायाखालचं पायडल थांबवलं नाही.

"दुकानात पोरं खोळंबली असतील तुमची," ती म्हणाली. "जावा."

तो थोडा वेळ घुटमळला, मग गेला. तिचा राग काही कमी झाला नाही. शिलाई वाकडी गेली होती. तिनं ती उसवली आणि पुन्हा मारायला घेतली.