कडू राख आणि ताईचे गाल

फुंकरबाबांच्या दारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कारण होती माझी ताई. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला तिचा लाल डाग, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखा, बाबांच्या काळोख्या खोलीत आठवडाभर राहून, त्यांची राख खाऊन पुसट झाला होता. बोटांचे सांधेही दुखायचे थांबले होते.

"हिच्या दुकानाच्या खिडकीतून बाधा शिरते," बाबांनी गर्दीला सांगितलं. "खिडकीत बसणं बंद, डॉक्टरच्या गोळ्या बंद. रोज चिमूटभर राख आणि वर माझी फुंकर."

फुंकर ते मनापासून मारत. दुपारी काय जेवलेत, ते समोरच्याला लगेच कळे.

ताई शिवणकाम करते. उजेडासाठी तिचं मशीन कायम खिडकीशी असायचं, ते तिने आत ओढलं. आई तर इतकी भारावली की घरात शंका काढायची सोय उरली नाही. मग ताईचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला.

"बाधा फेसावाटे निघतेय," बाबा म्हणाले.

बाधेने वाट तरी बरी शोधली, असं पुटपुटत मी ताईला आणि राखेच्या पुडीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मागोमाग आईही आली. मनातून मात्र मी घाबरले होते.

"राख कडू लागते?" बाईंनी विचारलं.

"कडूजहर," ताई म्हणाली. "म्हणून तर गुण येतो."

तपासण्या झाल्या. राखेत स्टेरॉइडच्या कडू गोळ्या कुटलेल्या निघाल्या. गोळ्या बंद करणारे बाबा गोळ्याच चारत होते.

"हा ल्युपस," बाई म्हणाल्या. "शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतात. त्वचा, सांधे, आणि आता तुमची मूत्रपिंडं. उन्हाने डाग भडकतो, काळोखात तो शमला. सांधे स्टेरॉइडने गप्प बसले. पण मूत्रपिंडांकडे कुणी बघितलंच नाही."

"मग राख आजच फेकते."

"राख फेका, पण स्टेरॉइड एकदम तोडायचं नाही, ते धोक्याचं. मी मोजून देईन, सावकाश कमी करू. सोबत मूत्रपिंडांची औषधं."

"आणि फुंकर?" आईने हळूच विचारलं.

"ती हवेत गेली, आई," मी म्हटलं.

मूत्रपिंडं वाचली, उशीर केला असता तर वाचली नसती, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. खिडकीला जाड पडदा आला. आणि एका सकाळी ताई छत्री घेऊन बाबांच्या दारातल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"गुण आला ना?" ती एकेकीला विचारत होती. "मग तो कशाने आला, तेही विचारा. राख कडू लागत असेल तर एकदम सोडू नका. पुडी घ्या आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

पहिली उठली ती पाय सुजलेली एक बाई. तिच्या गालांवरचा डाग नुकताच पुसट होऊ लागला होता.