हाँ साहब

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या माणसांना एक खोड आहे. घरात मराठी, पण समोर टेबल आणि टेबलामागे खुर्ची दिसली, की तोंडातून हिंदी निघते, तीही दोनच शब्दांची: "हाँ साहब." तेवढ्यात काम उरकतं, बस मिळते. शकुंतलाच्या मुलाने, प्रतीकने, ही खोड थेट आखातात नेली.

तिथे तो कामाला होता त्या गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली आणि आळ त्याच्यावर आला. कोर्टाने विचारलं, दुभाष्या कोणत्या भाषेचा देऊ? तो म्हणाला, हिंदी चालेल. चाबी तुझ्या नावावर होती ना? हाँ साहब. तार कमी भरली ना? हाँ साहब. झालं, कबुलीच लिहिली गेली.

तिथल्या भारतीय वकिलातीतल्या मॅडमचा फोन आला तेव्हा शकुंतला बोरगावच्या बगीच्यात संत्री तोडत होती. कोर्टातला सगळा प्रकार सांगून त्या म्हणाल्या, शेवटची पेशी, म्हणजे सुनावणी, गुरुवारी आहे.

"मॅडम, त्याले मराठीवाला दुभाष्या द्या."

"माताजी, उसने खुद हिंदी कहा है."

"तो तं काहीही म्हणते! लहानपणी तापानं फणफणला तरी मास्तरले म्हणे, ठीक हूँ सर."

मॅडम हसल्या. त्यांना मराठी थोडी कळत होती. आपल्याला समजेल असा दुभाष्या मिळणं हा आंतरराष्ट्रीय करारातला हक्क आहे, त्या म्हणाल्या. पण मागायला हवं प्रतीकनेच. तुरुंगात फोन जोडून देते, पाच मिनिटं त्याच्याशी बोला, मी लाइनवरच आहे.

"हाँ मम्मी, सब ठीक है." शेजारी शिपाई उभा असणार.

"जेवला काय रे?"

"हाँ, खा लिया."

"काय खाल्लं?"

 मग आवाज बदलला. "भात. तू काय करून राहिली माय?"

"संत्री तोडून राहिली. खरं सांग, त्या दिवशी चाबी कोनाजवळ होती?"

मग सगळं बाहेर आलं. पायात खिळा घुसला म्हणून तो दवाखान्यात होता. चाबी सुपरवायझरने मागून घेतली होती. दवाखान्याची चिठ्ठी अजून खिशात होती.

"मंग कोर्टात काऊन नाही सांगतलं बे?"

"हिंदीत इतकं लंबं नाही सांगता येत मले. लाज वाटते."

"ते लाज माह्याजवळ ठेव. मॅडमले सांग, दुभाष्या कोन्ता पाहिजे."

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मले मराठी पाहिजे."

"लिख लिया. पर्ची सँभालकर रखना."

अजून दीड मिनिट उरलं होतं. शकुंतलाने संत्र्यांची पाटी खाली ठेवली.

"खिळा कोन्त्या पायाले लागला रे?"