घाबरण्यासारखं काही नाही

‘कळवले’ लिहिलेल्या खणातून फोनवाल्या बाईंच्या हाती एका बाळाच्या रक्ताचं कार्ड लागलं. कार्ड एकटंच होतं. त्याच्या जोडीचं दुसरं आलंच नव्हतं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. बाळ आज एकेचाळीस दिवसांचं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बाई इस्पितळाच्या वॉर्डातून उठून या फोनच्या टेबलाशी आल्या. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतलं रक्त कागदी कार्डावर घ्यायचं, आणि निकाल ना धड बरा, ना धड वाईट आला, की बाईंनी फोन करून दुसऱ्या नमुन्यासाठी बोलवायचं. पलीकडून कुणी ‘बरं’ म्हटलं की रजिस्टरात ‘कळवले’. पुढे कोण आलं, कोण नाही, त्याला रजिस्टरात रकानाच नव्हता.

बाईंचा आवाज गोड. ओल्या बाळंतिणीच्या जिवाला उगाच घोर कशाला, म्हणून त्यांची सुरुवात ठरलेली, “घाबरण्यासारखं काही नाही हं.” या बाळाच्या आईलाही महिन्यापूर्वी तेच ऐकवलं होतं. शंका थायरॉइडची होती. गळ्यातली ही ग्रंथी नीट चालत नसेल, तर दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू व्हावं लागतं. नाहीतर बुद्धी मागे राहते ती राहतेच. हे बाईंना पाठ होतं, फोनवर मात्र कधी म्हटलं नव्हतं.

आता फोन लागेना. बाईंनी सुई, कापूस, कोरं कार्ड पिशवीत टाकलं आणि पत्ता शोधत निघाल्या. तिसरा मजला. लिफ्ट बंद.

“या ना, बसा,” बाईंचा फोनवरचा गोड आवाज ओळखून आईने हसून दार उघडलं. “आमचं बाळ फार गुणी आहे. रात्रभर झोपतं. दुधालासुद्धा उठवावं लागतं.”

“रडणं म्हणून ठाऊक नाही,” आतून आजी म्हणाली. “शेजारणी जळतात आमच्यावर.”

बाईंनी दुपटं सारलं. पिवळट चेहरा, गार पाय, ओठांतून डोकावणारी जाड जीभ. सगळ्या त्याच ग्रंथीच्या खुणा.

“तू आली का नाहीस गं परत?”

“तुम्हीच म्हणालात ना, घाबरण्यासारखं काही नाही. म्हटलं, टाके सुकले की जाऊ निवांत.”

बाईंनी इवलीशी टाच चोळून ऊब आणली आणि सुई टोचली. एरवी टोचलं की बाळं घर डोक्यावर घेतात. रड रे राजा, एकदा रड, बाई मनात विनवत राहिल्या. बाळाने ओठ मुडपले, घोगरं काहीतरी कण्हलं आणि डोळे मिटले.

“बघा, किती शूर,” आई म्हणाली.

“चप्पल घाल. बाळाला घे. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचंय.”

आईचं हसू मावळलं. “बाई, घाबरण्यासारखं आहे का काही?”

ते गोड वाक्य सवयीने ओठांपर्यंत आलं. बाईंनी ते गिळलं.

“आहे. महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं मी. चुकलं माझं.”

बाळाला छातीशी धरून आई धावतच जिना उतरू लागली. रक्ताचं कार्ड वाळेपर्यंत आडवं धरावं लागतं. बाईंनी ते उघड्या तळहातावर घेतलं, दुसऱ्या हाताने कठडा पकडला आणि एकेक पायरी उतरत राहिल्या. पुढे आईच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं.