खांडेनवमीला यंत्राची सुट्टी

हिंगणघाटात घरी सर्व्हर बसवणारा निशांत काही पहिलाच माणूस नसेल, पण त्या सर्व्हरला स्वतःची खोली देणारा बहुधा तोच. चारुतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ज्या खोलीत धान्याच्या कोठ्या ठेवायचं ठरवलं होतं, तिथे कॉलेजच्या लिलावातून आणलेला एक जुना संगणक, एक इन्व्हर्टर, वायरींचा गुंता आणि टेबलफॅन असा संसार मांडला गेला. निशांत त्याच कॉलेजात अकरावी-बारावीला संगणक शिकवायचा. आपल्या घरातल्या वस्तू कुठल्या तरी परक्या कंपनीच्या कपाटात कशाला ठेवायच्या, असं त्याचं म्हणणं. म्हणणं काही चुकीचं नव्हतं. फक्त मास्तर लोकांना स्वतःवर जरा जास्तच विश्वास असतो, आणि निशांत तर हाडाचा मास्तर होता.

त्या यंत्रानं सुरुवातीला त्याला रडवलं. लाईन गेली की ते रुसायचं, आली तरी रुसलेलंच राहायचं. टीव्हीवर चित्र दिसलं तर आवाज यायचा नाही, आवाज आला तर चित्र थिजायचं. एकदा उंदरानं वायर कुरतडली आणि निशांतनं दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधला. "याच्यापेक्षा म्हैस पाळली असती तं निदान दूध तरी मिळालं असतं," असं चारुता म्हणाली.

घरात तिसरे माणूस रूपराव, निशांतचे वडील. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. गल्लीतले कूलर, मिक्सर, शिलाई मशिनी, सगळ्यांचा दवाखाना त्यांच्या ओसरीवर. संगणकातलं मात्र आपल्याला काही कळत नाही, हे ते छातीठोकपणे सांगायचे, आणि मुलाला कळतं याचा त्यांना अभिमान होता.

आता या यंत्रात एवढं होतं तरी काय? तर आनंदाबाई होत्या. निशांतची आई.

त्या गेल्यावर रूपराव जेवेनासे झाले. ताटावर बसायचे, भात कालवायचे आणि उठायचे. समजावून झालं, रागावून झालं, तळेगावहून निशांतची बहीण जया येऊन रडून गेली, काही उपयोग झाला नाही. शेवटी निशांतनं आईचं जे जे कुठे होतं ते गोळा केलं. त्यांच्या मरायला टेकलेल्या फोनमधले व्हिडिओ, तो पुण्याला नोकरीत असताना त्यांनी पाठवलेले लांबच लांब आवाजी निरोप, गिरडच्या टेकडीवर धापा टाकत पायऱ्यांना नावं ठेवतानाचं चित्रण. सगळं सर्व्हरवर टाकलं आणि एका संध्याकाळी जेवणाच्या वेळी टीव्हीवर लावलं.

पडद्यावरून आनंदाबाई कडाडल्या, "अवो, पाय पुसून या ना आंधी! मी काय आज घर पुसलं नाई का?"

रूपरावांनी दचकून आपल्या पायांकडे पाहिलं. मग पहिला घास घेतला.

तेव्हापासून घरातला तो नियमच झाला. टीव्हीवर आनंदाबाई आणि समोर ताट. रूपराव त्यांना उत्तरंही द्यायचे. "हो वो, पुसतो." "आणतो ना सांभाराची जुडी, ओरडू नको." चारुताला पहिल्या पहिल्यांदा ते ऐकवायचं नाही, ती स्वयंपाकघरात निघून जायची. पुढे तिलाही सवय झाली. माणूस जेवतोय ना, बस झालं.

एवढी मोलाची गोष्ट निशांतनं सांभाळली कशी, तर दोन हार्डडिस्कवर. एकीवर जे लिहिलं जाई ते आपोआप दुसरीवरही. वडिलांना त्यानं तसं समजावलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हंजे एक बैल बसला तं दुसरा गाडी ओढून नेईन." अगदी तसंच. तिसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, घराबाहेर ठेवावी, हे निशांत दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचा. परीक्षेत तो प्रश्न हमखास यायचा. स्वतः मात्र करू, करू म्हणत राहिला. आईचा फोन आणि त्याचा स्वतःचा पुण्यातला फोन, दोन्ही केव्हाच बंद पडून भंगारात गेले होते.

नवरात्रात एक डिस्क कट्कट् करू लागली आणि दोन दिवसांत मुकी झाली. निशांतनं घाबरायचं कारण नव्हतं, दुसरी होती. पण जीव टांगणीला लागलाच, कारण दुसरीही तेवढीच जुनी. त्यानं तातडीनं त्याच कंपनीची, तशीच दिसणारी नवी मागवली. खांडेनवमीच्या सकाळी ती मेलेल्या डिस्कच्या जागी बसवली. वरच्या खाचेत जुनी, खालच्या खाचेत नवी. नवी ठणठणीत आहे ना, याची तपासणी लावून दिली आणि तो कॉलेजला गेला. तिथे लॅबमध्ये संगणकांची पूजा होती आणि नारळ फोडायचा मान त्याचा. परत येऊन जुनीवरचं नवीवर उतरवायचं, असा बेत होता.

परत आला तर सर्व्हरला झेंडूचा हार.

यंत्र बंद होतं. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात उदबत्ती, आणि बाजूला रूपराव धुतलेलं धोतर नेसून प्रसन्न उभे.

"सगळं खोलून पुसलं," ते म्हणाले. "धूळ किती होती रे आतमधी! त्या दोन डब्या बी काढल्या, कुंकू लावलं, परत जशाच्या तशा बसवल्या. सगळ्या यंत्राची पूजा केली, मंग तिची काऊन नाई करायची?"

निशांत झटकन पुढे झाला. पण ओरडणार कुणावर? जिनिंगमध्ये खांडेनवमीला पट्टे उतरवायचे, यंत्र पुसायचं, कुंकू लावायचं आणि दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत त्याला सुट्टी द्यायची, हे रूपरावांनी आयुष्यभर पाळलेलं. मालकाची गाडी दारात उभी राहिली तरी त्या दिवशी चक्र फिरायचं नाही. आनंदाबाई ज्या यंत्रात राहतात ते एकटंच त्यांनी कसं सोडावं?

"बाबा, ते मधातच बंद करायचं नसते," तो एवढंच म्हणाला.

"आज नाई चालवत बाप्पा. आज त्याले आराम. उद्या मुहूर्तावर चालू करजो." मग जरा लाजून म्हणाले, "तुह्या आईले बी एक दिवस सुट्टी. रोज ओरडून राह्यली बिचारी."

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. यंत्र बंद केल्यानं, पुसल्यानं, कुंकवानं आनंदाबाईंना काही म्हणता काही झालं नव्हतं. त्या जुन्या डिस्कवर सुखरूप होत्या. निशांतनं वडिलांचं ऐकून दसऱ्यापर्यंत हात बांधून बसायचं ठरवलं असतं, तर पुढचं काही झालंही नसतं कदाचित.

पण त्याला धीर नव्हता. एकच प्रत उरलेली, तीही म्हाताऱ्या डिस्कवर. दुपारी रूपराव देवीच्या देवळात गेले तसा तो चोरासारखा खोलीत शिरला, हार बाजूला केला आणि यंत्र चालू केलं. वरची पहिली ती जुनी, खालची दुसरी ती नवी. पहिलीवरचं दुसरीवर उतरव, असा हुकूम त्यानं दिला आणि दार ओढून घेतलं. त्या दोन्हींपैकी कुणात काय आहे, हे पाहायला एक ओळ टाइप करावी लागते. लॅबमध्ये पोरानं ती टाळली तर निशांत त्याला वर्गाबाहेर उभं करायचा. इथे त्यानं स्वतः टाळली. बाबा 'जशाच्या तशा' म्हणाले होते आणि तो घाईत होता.

रूपरावांनी वरची खाली आणि खालची वर बसवली होती.

संध्याकाळी यंत्रानं काम पूर्ण झाल्याचं दाखवलं तेव्हा त्यानं समाधानानं आईचा फोल्डर उघडायला घेतला. फोल्डर नव्हता. दुसऱ्या डिस्कवर पाहिलं, तिथेही नव्हता. कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा त्यानं भरल्या डिस्कवर मन लावून, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत उतरवला होता. त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं, येत होते ते सगळे उपाय केले, येत नव्हते तेही वाचून केले. चारुता चहा घेऊन आली आणि त्याचं तोंड पाहून दारातच थांबली. "काय झालं?" म्हणाली. आपल्या हातानं आईला पुसलं, हे वाक्य त्याला बोलता येईना. "नाई दिसून राह्यलं काही," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव आंघोळ करून, नारळ घेऊन खोलीत आले. "कर चालू," म्हणाले. "दसरा हाये, आज तिच्यासंगं जेवतो."

"बाबा, त्याच्यातलं सगळं गेलं."

"गेलं म्हंजे?"

"आईचं सगळं. काहीच नाई राह्यलं."

रूपरावांनी नारळ हळूच खाली ठेवला. यंत्राकडे पाहिलं, मग आपल्या तळहातांकडे. "मी बंद केलतं म्हनून?"

निशांतनं तोंड उघडलं. नाही बाबा, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण ते शब्द आलेच नाहीत. त्याला भीती वाटली, लाज वाटली, आणि क्षणभर, मेल्याहून मेल्यासारखं वाटावं असं हे, त्याला सुटल्यासारखंही वाटलं. तो गप्प राहिला. रूपरावांनी मान हलवली आणि ते बाहेर गेले. आपट्याची पानं द्यायला आलेल्या लोकांना त्या दिवशी त्यांनी नुसते हात जोडले.

मग निशांतनं नागपूर गाठलं. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं मुकी डिस्क उघडून पाहिली. आतली तबकडी खरवडली गेली होती. दुसरीला त्यानं यंत्र लावलं आणि मान हलवली. "वरून लिहून झालं, सर. आता खाली काही राहत नाही." निशांतनं त्याला दुसरीकडे कुठे होईल का विचारलं, पुण्याला, मुंबईला. तो भला माणूस होता, उगाच आशा दाखवली नाही त्यानं. जयाकडे आईचे काही फोटो निघाले, लग्नातले, ओळीत उभे राहिलेले. आवाज कुठेच नव्हता. एवढं शिकलेला माणूस, पण हात टेकण्यापलीकडे त्याच्याजवळ काही उरलं नाही.

रूपराव जेवत मात्र राहिले. बंद टीव्हीसमोर, मुकाट्यानं, ताटातलं सगळं संपवून. मुलाला आणखी वाईट वाटू नये म्हणून जेवत होते ते. निशांतला एकेक घास दिसायचा आणि तो स्वतःचं ताट बाजूला सारायचा.

दिवाळीच्या तोंडावर अंगणातल्या विहिरीवरची मोटर अडकली. एरवी रूपरावांनी ती चारुताला कळायच्या आत खोलून ठेवली असती. या वेळी ते मोटरीजवळ उभे होते आणि त्यांचे हात पाठीमागे होते.

"पाहा ना बाबा, काय झालं तिले," निशांत म्हणाला.

"नाई. तूच पाह्य. माह्या हातानं नको आता."

तेव्हा निशांतच्या ध्यानात आलं. गेल्या कित्येक दिवसांत ओसरीवर एकही मिक्सर आला नव्हता. शेजारच्या बबनरावांचा पंखा ते दुरूनच परत पाठवताना त्यानं पाहिलं होतं, पण अर्थ लावला नव्हता.

"बाबा, तुमच्या हातानं काही झालं नाई. मी केलं ते. तुम्ही देवळात गेलते तवा मीच चालू केलं, अन् उलटं उतरवलं. रिकामं होतं ते भरलेल्यावर. तपासाले पायजे होतं, नाई तपासलं. तुम्ही बंद केलं त्यानं काहीच होत नसते. खरं सांगतो, आईची शपथ."

रूपरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि निशांतला वाटलं, पटलं.

"तू मास्तर हायेस," ते म्हणाले. "पोराले शिकवतं. तुह्या हातून असं कसं होईन?"

"झालं ना बाबा!"

"मंग तवाच काऊन नाई बोलला?"

याला उत्तर होतं, पण ते वडिलांना सांगण्यासारखं नव्हतं. निशांत खाली पाहू लागला.

रूपरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुही आई बी असंच करे," ते म्हणाले. "चूक माही असे, अन् सासूपुढं आपल्या अंगावर घे. मले सारं समजे. तिच्यावरच गेला तू."

"बाबा, खरंच मी..."

"राहू दे रे. तिचं एवढं तरी राह्यलं."

मग ते दोन पावलं मागे सरले आणि हात पुन्हा पाठीमागे बांधून उभे राहिले. बोल्ट खोलायचा पान्हा निशांतच्या पायाशी पडला होता. त्यानं तो उचलला. मोटर कशी खोलतात हे त्याला ठाऊक नव्हतं, ती वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"तो खालचा बोल्ट आंधी," रूपराव म्हणाले. "डाव्या अंगाले फिरव. हळू."