भिंतीवरून उतरले त्या दिवशी

आलिसी गेल्याची बातमी साऱ्या बेटांवर पोहोचली, त्या सकाळी मी भिंतीवरून खाली उतरले. मित्रांनो, केवढी धांदल उडाली होती!

मी केतकीच्या पानांची जुनी चटई आहे. आलिसीच्या आईने मला विणले. घरातल्या एकेका दुःखात मी कुणाच्या तरी कमरेला वस्त्रासारखी गुंडाळली गेले, विरले, फाटले. आमच्या टोंगात फाटकी चटई टाकत नाहीत. मरणाच्या दिवशी तिचाच मान मोठा.

मधली वर्षे मी आमच्या चर्चच्या रेडिओ केंद्रात काढली. एकच खोली, आणि आवाज फार घुमायचा. आलिसीच्या आत्याने, लेसिएलीने, खिळे धरले, आलिसीने मला भिंतीला ठोकले. "आता पिंपात बसून बोलल्यासारखं वाटणार नाही," ती म्हणाली. तिचा नवरा मोसेसे यंत्र सांभाळायचा, भाऊ फेलेती प्रार्थना आणि निधनवार्ता वाचायचा. संध्याकाळच्या गीताचा पहिला सूर आलिसीचा. ती आत आली की फेलेती बाहेर जायचा. मोठे झालेले बहीणभाऊ आमच्याकडे एका खोलीत बसत नाहीत.

"पळाला बघ, तुझ्या गाण्याला घाबरून!" मोसेसे चिडवायचा.

"अहो, हसवू नका, सूर जातो!"

माझ्याकडे मात्र कुणी बघत नसे. पाली फिरायच्या अंगावरून.

त्या सकाळी दवाखान्यात आलिसीने प्राण सोडला. आत्याशिवाय दफन शोभत नाही. उशाशी बसायचा मान तिचा. आत्या पलीकडच्या बेटावर, वादळाने फोन बंद, आणि तिथली आठवड्याची एकुलती बोट सुटायच्या बेतात!

"दाजी, यंत्र लावा!" फेलेती धावतच आला. आमच्याकडे बहीण नेहमी भावाहून मोठी. तिच्या मरणात त्याने सर्वांत फाटकी चटई गुंडाळायची. त्याने मला ओढले, खिळे उडाले, आणि मी थेट त्याच्या काखेपर्यंत! किती वर्षांनी माणसाची ऊब लागली मला!

"अरे, भिंत उघडी पडली. आवाज घुमेल," मोसेसे म्हणाला.

"घुमू दे. तिचं नाव मी चटईशिवाय असाच घेऊ?"

तो बोलू लागला आणि खोली घुमली.

दुपारी बोट दिसली. सारे गाव धक्क्यावर! पुढेच आत्या उभी, एका पायात चप्पल.

"नाव ऐकायला थांबले असते तर राहिलेच असते!" ती ओरडली. "रेडिओवर फेलेतीचा आवाज घुमला, तेव्हाच कळलं, चटई भिंतीवरून उतरली, म्हणजे आलिसीच गेली. दोर सोडत होते मेले, तशीच उडी मारली!"

रडता रडता लोक हसले. मोसेसेही हसला, आणि मग धक्क्यावर खाली बसला.

आत्या उशाशी बसली. दफन झाले. शोकाच्या रिवाजाप्रमाणे तिने फेलेतीचे केस कापले. मी अजून त्याच्या अंगावर आहे.

मित्रांनो, विरलेली वस्तू टाकू नका. दुःखात नवी वस्तू परकी वाटते.

संध्याकाळच्या गीताला पहिला सूर कोण लावणार, हे अजून कुणी ठरवलेले नाही.